नालबंदाचे दोन चंद्र

"आता बरं दिसतं, की मघाशी बरं दिसत होतं?"

हे वाक्य मी जितक्या वेळा बोलले, तितक्या वेळा देवाचं नावसुद्धा घेतलं नसेल. निवृत्त होऊन वर्ष होत आलं तरी घरातले लोक मला त्यावरून सोडत नाहीत. परवा सुनेनं आमटीत थोडी चिंच वाढवली, पुन्हा चमचा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "आता बरी, की मघाशी बरी होती?" सगळे हसले. मीही हसले, पण खरं सांगते, जरा छाती फुगलीच. आपल्या कामातलं एखादं वाक्य घराच्या तोंडी बसावं, याहून मोठा मानपत्राचा कार्यक्रम काय असतो?

मी नेत्रचिकित्सा अधिकारी होते. पदाचं नाव भारदस्त असलं तरी मी डॉक्टर नव्हे. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायचे, चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदू हुडकून शस्त्रक्रियेला पाठवायचा, शाळांमधून मुलं तपासायची आणि बाजाराच्या गावी शिबिरं लावायची, हे माझं काम. कर्जत, श्रीरामपूर आणि शेवटी नेवासे तालुका, असं एकाच जिल्ह्यात फिरण्यात नोकरी संपली. जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे, माझ्या जिभेला अजून नगरची सवय आहे. लोक मला 'चष्म्याच्या बाई' म्हणत. माझ्याच नाकावर शाळेपासून जाड भिंगं असल्यामुळे कुणाला पत्ता विचारावा लागत नसे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भिंतीवरचा तक्ता वाचून घेतला की झाली तपासणी. तक्ता हा शेवटचा भाग. खरी कला त्याच्या आधी असते. अंधाऱ्या खोलीत माणसाला लांब बघायला सांगायचं आणि दांडीच्या एका छोट्या बॅटरीनं त्याच्या बाहुलीत उजेडाची पट्टी फिरवायची. आतून लालसर चमक परत येते. पट्टी हलवली की ती चमक कुठल्या बाजूला पळते ते बघायचं, तिच्यापुढे एकामागून एक भिंगं धरत जायची, आणि ती पळायची थांबली की नंबर सापडला. माणसानं तोंड उघडायची गरज नाही. मांडीवरचं मूल असो, मुकं माणूस असो, की "मला समदं दिसतंय" म्हणून हटून बसलेला सासरा असो, त्याचा डोळा मला खरं ते सांगून टाकायचा. आता यंत्रं आली आहेत. हनुवटी टेकवली की नंबर छापून बाहेर येतो आणि नवी मुलं बॅटरी हातात धरायलाही कंटाळतात. याचं मला वाईट वाटतं. पण वीज गेली की रांग माझ्याच दाराशी लागायची, हेही सांगून ठेवते.

माझा जन्म गेला तो मुख्यतः एका दोषापायी. जवळचं लख्ख दिसतं आणि लांबचं पुसट, तो दोष. पुस्तकात त्याला लघुदृष्टी म्हणतात. डोळा म्हणजे एक बंद खोली समजा. पुढे भिंग, मागच्या भिंतीला पडदा. चित्र बरोबर पडद्यावर पडलं पाहिजे. काही मुलांची ही खोली वाढत्या वयात नको तितकी लांब होते. मग लांबच्या वस्तूचं चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतं आणि पडद्यावर पोचेपर्यंत फिसकटतं. उणे नंबरचं भिंग ते चित्र मागे सरकवून पडद्यावर नेऊन ठेवतं. खोली लांब का होते, तर काही आईबापाकडून येतं, काही पुस्तक आणि मोबाईल नाकाला लावून बसल्यानं येतं, आणि उन्हात हुंदडणं बंद झाल्यानं वाढतं. म्हणून मी आयांना सांगायची, पोराला रोज बाहेर सोडा, मातीत लोळू द्या. नंबर भराभर चढत असेल तर डोळ्यांचे डॉक्टर हल्ली अगदी सौम्य थेंब देतात, त्यानं वाढ मंदावते. मोठेपणी लेझरनं डोळ्याची पुढची काच घडवून चष्मा घालवता येतो. पण लांबलेली खोली पुन्हा आखूड करणारं औषध अजून निघालेलं नाही.

हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, पटवायला जन्म पुरत नाही. गाजर झालं, बदाम झाले, पहाटे दवातल्या गवतावर अनवाणी चालणं झालं. मध्यंतरी जागोजागी काशाच्या वाटीची यंत्रं आली. तळपायाला तूप लावून पाय वर ठेवायचे, वाटी गरगर फिरते, पाय काळेकुट्ट होतात आणि डोळ्यांतली उष्णता उतरली असं सांगतात. मी स्वतः बसून बघितलं आहे. अतिशय सुख लागतं. नंबर होता तिथंच आहे.

"चष्मा लावला की नंबर वाढतो" ही तर अजिंक्य समजूत. कर्जतला एका मुलीला मी हौसेनं चष्मा लावला होता. पहिल्या दिवशी तिनं रुग्णालयाच्या ओट्यावरून समोरच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. पुढे तिचं लग्न ठरवायला काढलं तेव्हा आईनं तो चष्मा कपाटात टाकला, आणि लग्नानंतर तो कुणी बाहेर काढलाच नाही. काही वर्षांनी ती मला बाजारात भेटली, अगदी हाताच्या अंतरावर आल्यावर तिनं मला ओळखलं. "बाई, घरात लांबचं बघायचं कामच काय पडतंय?" असं हसून म्हणाली. मला काही हसू आलं नाही. मला अजूनही येत नाही.

पण प्रत्येक पुसट नजर लांबलेल्या डोळ्याची नसते, आणि इथंच आमची परीक्षा असते. श्रीरामपूरला अमोल नावाचा तरुण आला होता. पोलीस भरतीचा अभ्यास करणारा, धावण्यात पटाईत. महिनाभरात त्याला लांबचं दिसेनासं झालं होतं आणि कुठंतरी घाईघाईनं उणे नंबर काढून मिळाला होता. बॅटरीची पट्टी फिरवताना मला चमक स्थिर वाटेना. मी त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, आतला स्नायू सैल पडू दिला आणि पुन्हा तपासलं, तर नंबर गायब! जवळचं बघताना डोळ्याच्या आत एक स्नायू आवळला जातो. हा पठ्ठ्या सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिकेत, वर पुस्तक आणि खाली मोबाईल. पोटरीत गोळा यावा तसा त्याचा तो स्नायू आवळून बसला होता.

"नंबर नाही म्हंजे? मी नाटक करतोय व्हय मॅडम?" तो चिडून म्हणाला.

"तू नाही रे बाबा, तुझा डोळा करतोय," मी म्हटलं. "थोड्या थोड्या वेळानं बाहेर येऊन लांबच्या झाडाकडे बघत बस. आणि तो मोबाईल आईच्या ताब्यात दे."

आज तो खात्यात आहे. मागे एका नाक्यावर त्यानं हेल्मेट नसल्याबद्दल माझ्याच मुलाला अडवलं. "लांबूनच ओळखलं" असं वर त्याला सांगितलं म्हणे. मुलगा घरी येऊन माझ्यावर फणफणला, आणि मी दिवसभर खुशीत होते.

लघुदृष्टी म्हटली की लोकांना चष्मेवाली शाळकरी पोरं आठवतात. मला आठवतात कासमचाचा, सत्तरी ओलांडलेले नालबंद.

घोडेगावचा जनावरांचा बाजार ज्यांनी बघितलेला नाही, त्यांना नालबंद ठाऊक नसेल. बैलाच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारणारा तो नालबंद. बैलाला दोरानं अलगद पाडायचं, पाय बांधायचे, खूर तासायचा, पत्री बसवायची आणि तिच्या भोकातून खिळा असा ठोकायचा की तो खुराच्या कडेनं बाहेर निघावा. जरा आत शिरला की बैल लंगडलाच. ट्रॅक्टर आल्यापासून हे काम कमी झालं, तरी बाजाराच्या दिवशी कासमचाचा आणि त्यांचा पुतण्या रफिक पोत्यावर हत्यारं मांडून बसलेले असत. रफिक चांगला तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, पण काकांपुढे कधी वर मान करून बोलायचा नाही. दोघं जवळच्याच एका लहान गावातले.

मी बाजारात शिबिर लावलं होतं तेव्हा चाचा तपासायला नाही, दाखवायला आले.

"बाई, माजी चाळिशी गेली!" त्यांनी माझ्या टेबलावरची गोळ्यांची पट्टी उचलली आणि तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय घडाघडा वाचली. "किती वर्सं चष्मा लावून खिळा मारला. आता बिगरचष्म्याचा मारतो. कुराण बी बिगरचष्म्याचं वाचतो. लोकं म्हनत्यात, चाचा, ही बरकत हाय."

आजूबाजूचे माना डोलावत होते. मी त्यांना लांबचा तक्ता वाचायला सांगितला. वरची मोठी ओळ सोडली तर खाली सगळा आनंद. बॅटरी फिरवली आणि काय ते कळलं. म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिकायला लागतं. काही जणांच्यात आधी त्याचा गाभा घट्ट होतो, भिंगाची ताकद वाढते आणि ऐन म्हातारपणी नव्यानं लघुदृष्टी येते. चाळिशीचा अधिक नंबर आणि हा नवा उणे नंबर एकमेकांना खाऊन टाकतात. जवळचं चष्म्याशिवाय दिसतं, माणूस पेढे वाटायचा बाकी राहतो. पण ही मोतीबिंदूची सुरुवात असते आणि ती उसनी नजर फार दिवस टिकत नाही.

मी होईल तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. चाचा हसले.

"मोतीबिंदूत दिसंनासं व्हतं, बाई. मला तर दिसाया लागलंय. तुमचा काय तरी घोटाळा व्हतोय."

आणि ते बैल पाडायला निघून गेले. मी लांबच्यापुरत्या चष्म्याची चिठ्ठी लिहून रफिकच्या खिशात घातली, पण चाचांनी तो चष्मा केला नाही.

त्यानंतर रमजान येऊन गेला, ईदही झाली. ऐन उन्हाळ्यात एका दुपारी गर्दी ओसरल्यावर चाचा रुग्णालयात आले. बरोबर रफिक होता. चाचा खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली.

"बाई, एक इचारायचंय. पर रफिकला जरा भाईर थांबू द्या."

रफिक मुकाट्यानं बाहेर गेला. चाचांनी जे सांगितलं ते समजायला मला आधी त्यांचा रिवाज समजून घ्यावा लागला. रमजानचा महिना चंद्रावर चालतो. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी सगळे पश्चिमेकडे बघत उभे राहतात. चंद्र दिसला तर उद्या ईद. नाही दिसला तर तीस रोजे पुरे करायचे. आभाळ ढगाळ असेल तर भरवशाच्या दोन माणसांनी मौलानांपुढे ग्वाही द्यायची, आम्ही चंद्र डोळ्यांनी पाहिला. गावात ही ग्वाही वर्षानुवर्षं कासमचाचांची. त्यांच्या वडिलांचीही नजर अशीच तेज होती म्हणे. चाचांनी बोट केलं की मग बाकीच्यांना चंद्र सापडायचा.

त्या वर्षी नेमके अवकाळी ढग आले होते. पश्चिमेला क्षणभर एक फट पडली, तेवढ्यात चाचांनी बोट केलं. शेजारी उभ्या रफिकनंही "दिसला" म्हटलं. दोघांनी ग्वाही दिली, मौलानांनी ती मानली आणि गावानं दुसऱ्या दिवशी ईद केली. आजूबाजूला मात्र ढगांमुळे कुठंच चंद्र दिसला नव्हता, तिथं ईद एक दिवस उशिरा झाली. यात वावगं काही नाही, असं पूर्वीही व्हायचं. गावात कुणाच्या मनात शंका आली नाही. एकट्या चाचांच्या मनात आली.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मला दोन दिसले."

"दोन काय?"

"चांद. एकावर एक. मौलाना इचारले, दिसला? मी म्हनलं, दिसला. किती ते काय म्या बोललो न्हाई. आन् किती दिसले असं कोन इचारतंय?" त्यांनी टोपी पुन्हा काढून मांडीवर ठेवली. "तवापासनं झोप न्हाई. आभाळात चांद दोन नसत्यात. म्हंजे मी बघितलं ते डोळ्याचं भूत. आन् माज्या तोंडावर साऱ्या गावानं तिसावा रोजा धरलाच न्हाई, सोडून दिला. बायाबापड्यांनी सोडला, पैल्यांदा रोजे धरलेल्या पोरांनी सोडला. एवढ्या लोकांचं माज्या मानेवर आलं. ह्ये वझं घिऊन मी वर कसं जाऊ?"

मी इतकी वर्षं डोळे तपासले. दिसत नाही म्हणून रडणारे पुष्कळ बघितले. जास्तीचं दिसलं म्हणून रडणारा हा पहिलाच माणूस. नुसत्या धीराच्या शब्दांनी हे भागणारं नव्हतं, आणि माझ्याजवळ शब्दांपेक्षा चांगली गोष्ट होती.

एक्स-रेच्या फिल्मला गुंडाळलेला काळा कागद मी घेतला. लहान कात्रीनं त्यात नखाएवढी कोर कापली, खोलीच्या त्या टोकाला सलाइनच्या स्टँडला तो कागद चिकटवला, मागे पेटती बॅटरी बांधली आणि दिवा घालवला. अंधारात छान बारीक चंद्र उगवला.

"चाचा, किती?"

"दोन." ते खुर्चीतून अर्धे उठले. "त्येच. अगदी त्येच!"

"आता डावा डोळा झाका."

"तरी बी दोन."

"उजवा झाका."

"हितं एक हाय, पर धुकट. म्हंजे उजवाच बदमाश!"

मग मी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे बारीक भोकाची काळी चकती धरली. आमच्या पेटीतली ही सगळ्यात साधी वस्तू. भोकातून उजेडाची एकच बारीक वाट आत जाते, पिकलेल्या भिंगाला तिचे फाटे फोडता येत नाहीत.

"किती?"

"एक झाला."

मी चकती काढली. पुन्हा दोन. लावली, पुन्हा एक. लहान मुलासारखं त्यांनी ते परत परत करून बघितलं. शेवटी मी जाऊन कागदामागची बॅटरीच बंद केली.

"आता किती, चाचा?"

"काय बी न्हाई."

"एकाचे दोन करणं तुमच्या डोळ्याला जमतं," मी म्हटलं. "नसलेल्याचे दोन करणं त्याला जमत नाही. एक असल्याशिवाय दोन दिसत नाहीत."

पण नालबंदाचं डोकं, खिळा अर्धा मारून थांबेल कसं? "म्हंजे तिथं काय तरी हुतं, व्हय ना? पर त्यो चांदच हुता कशावरनं? ढगाची कड आसंल तर?"

प्रश्न बिनतोड होता. मी डोळ्याची ग्वाही देऊ शकत होते, आभाळाची नाही. तेव्हा मी दार उघडून रफिकला आत बोलावलं आणि सरळ विचारलं, "ईदच्या आदल्या संध्याकाळी तुला चंद्र किती दिसले होते?"

रफिकनं माझ्याकडे, मग काकांकडे बघितलं. त्याला वाटलं असावं, उन्हानं बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

"एकच की. मंग किती असत्यात?"

"कसा होता?"

"बारीक. नखावानी. असा उताना पडल्याला, दोनी टोकं वर." त्यानं हातानं दाखवलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "चाचांनी बोट करायच्या आधीच मला दिसला हुता. पर मोठ्या मानसाच्या आधी कसं बोलायचं, म्हनून गप ऱ्हायलो."

चाचा उठले, पुतण्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडले. रफिकला बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळेना की आपण एवढं काय सांगितलं. मलाही चष्मा काढून पुसावा लागला. पण चाचा दोन्ही मुठींनी डोळे चोळायला लागले तेव्हा मात्र मी ओरडले, "चोळू नका!" सवय. रडणाऱ्या माणसाला सुद्धा मी सोडलेलं नाही.

शस्त्रक्रियेला आता ते आपण होऊन तयार झाले. मी त्यांना नगरच्या धर्मादाय रुग्णालयात घेऊन गेले. इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. मोतीबिंदू काढला की त्या जागी नवं भिंग बसवतात आणि त्याची ताकद आधी ठरवता येते. बहुतेकांना लांबचं दिसेल असं भिंग घालतात, मग वाचायला चष्मा लागतो. पण कुणाचं सगळं काम जवळचं असेल तर मुद्दाम थोडी लघुदृष्टी ठेवताही येते. मग वाचायला चष्मा नको, लांबला मात्र हवा. तिथल्या शल्यविशारद मॅडम माझ्या ओळखीच्या. त्यांनी चाचांनाच विचारलं, जवळचं हवं की लांबचं?

मी मनात जवळचंच धरून चालले होते. रफिकनं तर बोलूनच दाखवलं. "चाचा, जवळचं घ्या. धंदा जवळचा, कुराण जवळचं. चांदाला काय, वर्सातनं एक सांज. त्येवढ्यापुरता चष्मा लावा. आन् आता मोबाईलवर खबर येतीच की."

चाचांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "खिळा माज्या हाताला कळतो, डोळं झाकून मारीन. कुराण निम्मं तोंडपाठ हाय, निम्म्याला चष्मा लावीन. चांद काय पाठ व्हत न्हाई, डाक्टरीनबाई. त्यो दर साली नव्यानंच बघावा लागतो. आन् लोकांनी माज्याकडं बघितल्यावर मी खिशात चष्मा चाचपत ऱ्हायलो तर त्येंनी कुनाकडं बघायचं? लांबचं द्या."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. आधी उजवा झाला, काही महिन्यांनी डावा. वाचायचा चष्मा मी स्वतः निवडून दिला.

पुढच्या रमजानला चाचांचा निरोप आला, एकोणतिसाव्याला संध्याकाळी या. तोवर मी निवृत्त झाले होते. गावाबाहेरच्या माळावर सगळे जमले होते. त्या दिवसाचा रोजा नुकताच सोडून खजूर तोंडात असलेली माणसं, नव्या बांगड्या भरून आलेल्या पोरी, आणि "दिसला का, दिसला का" करत पायात येणारी लहान मुलं. शीरखुर्म्यासाठी जादा दूध सांगून ठेवलेलं, कपडे इस्त्री करून टांगलेले. सगळ्यांनाच ईद उद्या हवी होती. आभाळ बहुतेक मोकळं, फक्त क्षितिजाशी एखाददुसरी ढगाची रेघ.

तेवढ्यात एक तरुण ओरडला, "त्यो बगा! तितं! कोर!" चारपाच जणांनी "व्हय, व्हय" केलं. मुलांनी उड्या मारल्या. मीही माझ्या जाड भिंगांतून बघितलं आणि मलाही ती कोरच वाटली. मग एकेक करत सगळे चाचांकडे वळले.

चाचा काठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं, मग दोन्ही उघडून बघितलं. घाई नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "ढगाची कड हाय. चांद न्हाई."

मौलानांनी अदबीनं विचारलं, "चाचा, आपल्याला दिसत नाही, की..."

"मला दिसत न्हाई असं न्हाई, मौलाना. मला समदं दिसतंय. ती ढगाची कड दिसती, त्येच्या खालचं कारखान्याचं धुराडं दिसतंय, धुराड्याच्या शिडीवरला मानूस दिसतोय. चांद न्हाई."

मुलांची तोंडं उतरली. बघता बघता ती चमकती कड पसरट झाली, राखाडी झाली आणि विझली. ज्यानं आधी ओरडून दाखवलं होतं तो तरुण हसून कान पकडून चाचांपुढे वाकला. थोड्या वेळानं फोनवर बाहेरच्या खबरा आल्या, कुठंच दिसला नव्हता. पण तोवर कुणी फोनची वाट बघत थांबलंही नव्हतं.

"परवा या, बाई, शीरखुर्म्याला," चाचा मला म्हणाले, "उद्या रोजा हाय." "येतेच की," मी अभिमानानं म्हटलं. रफिकनं बॅटरी पेटवली, आणि सगळं गाव त्या म्हाताऱ्या डोळ्यांच्या भरवशावर, एक शब्दही उलट न बोलता, तिसाव्या रोजाच्या तयारीला घरी निघालं.